नवी चेन रुळेपर्यंत

त्या वर्षांत मला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा आला असेल तर चढाचा. मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीतून निघायचं, फुलपाडा मागे टाकायचा आणि चांदीपच्या अलीकडच्या एका पाड्यावरची माझी शाळा गाठायची. सकाळी जाताना एक चढ लागायचा आणि संध्याकाळी येताना तोच रस्ता दुसऱ्या बाजूने पुन्हा चढ व्हायचा. उतारही दोन्ही वेळा असायचा, नाही असं नाही, पण उतार कुणाच्या लक्षात राहतो?

बस होती, म्हणजे असायची. सहा आसनी रिक्षा भरल्याशिवाय सुटत नसे, आणि भरली की आपल्याला जागा नसे. फळ्यावर तारीख लिहायच्या आत मी दमलेली असायची. शेवटी नणंदेच्या मुलाने कॉलेज संपल्यावर धूळ खात ठेवलेली गिअरची सायकल मी मागून आणली. तिरक्या दांड्याची, जाड टायरची, पोरांची असते तशी. पंजाबी ड्रेस घालून तिच्यावर बसलेली बाई बघून आमच्या मुख्याध्यापकांनी एकदा चष्मा काढून पुसला. पण मी वेळेवर यायला लागले होते, त्यामुळे त्यांना बोलायला जागा नव्हती.

गिअर म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मागच्या चाकाला एकाला एक लागून लहान-मोठी दातेरी चाकं असतात. सपाट रस्त्याला चेन लहान चाकावर ठेवायची, चढ आला की खटका दाबून मोठ्या चाकावर न्यायची, की पाय हलका होतो. वेग जातो, पण उतरून ढकलावं लागत नाही. पहिल्यांदा तो चढ मी बसल्या बसल्या चढले तेव्हा वर पोचून मला हसू आलं होतं. त्या दिवसांत मला कशाचं हसू यायचं म्हणजे विशेषच.

सायकलची देखभाल सासऱ्यांकडे होती. त्यांना मी मामा म्हणायची, आमच्या साताऱ्याकडे तशीच पद्धत. मामांचा जन्म मुंबईतल्या एका छापखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, एक कपड्यांची पिशवी आणि एक हत्यारांची पेटी घेऊन. पेटी जास्त जड होती. पहिली काही वर्षं त्या पेटीला उसंत नव्हती. इमारतीतल्या बायका मिक्सर घेऊन यायच्या, कुणाचा पंखा, कुणाचा टेपरेकॉर्डर, कुणाच्या कुकरचं हँडल. मामा गॅलरीत पेपर पसरून बसायचे आणि वस्तू खोलताना तिच्या मालकिणीला चार शब्द ऐकवायचे. यंत्राशी कसं वागावं हे बायकांना कळत नाही, असं त्यांचं मत होतं. बायका ऐकून घ्यायच्या, कारण काम चोख व्हायचं.

मग वस्तू यायच्या बंद झाल्या. कुणी भांडून बंद केल्या असं नाही. मिक्सर बिघडला की लोक नवा आणायला लागले, टेपरेकॉर्डर माळ्यावर गेले. मधल्या काळात मामांचा डावा डोळा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही धूसरच राहिला, आणि बारीक स्क्रू बोटांतून निसटायला लागले. एकदा शेजारच्या घरी त्यांनी दुरुस्त केलेली इस्त्री चुपचाप दुसरीकडे दाखवून आणली गेली, ते मला कळलं, आणि मला वाटतं त्यांनाही कळलं. सरतेशेवटी त्यांच्या हाताखाली एकच वस्तू उरली, ती म्हणजे माझी सायकल. संध्याकाळी मी जिन्याखाली ती लावली की ते खाली यायचे, गोणपाट अंथरायचे, पुसायचे, तेल द्यायचे. त्या वेळात मी वर भाकऱ्या थापत असायची. घरातली दोन माणसं दोन कामांना लागलेली असली की घर बरं वाटतं. माझे यजमान मुंबईहून परतायचे तेव्हा त्यांच्यात फक्त जेवण्याइतका जीव उरलेला असायचा.

एका पावसाळ्यानंतर जुनी चेन गंजून पार ताठ झाली आणि एके दिवशी शाळेच्या दारातच तुटली. मामांनी स्वतः जाऊन नवी आणली. गिअरच्या सायकलची चेन पातळ असते, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं, साधी जाड चेन त्यांनी आणली नाही. चूक झाली ती नंतर. ती मला बऱ्याच दिवसांनी कळली, पण आताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल.

मामांचं सगळं आयुष्य काळ्या, उंच, साध्या सायकलींवर गेलेलं. त्या सायकलीची चेन सैल पडली की ती सायकलवाल्याची लाज. मागचं चाक ओढून चेन ताणून बसवायची, बोटाने दाबली तर जेमतेम दबली पाहिजे, हा त्यांचा नेम. आता गिअरच्या सायकलीला मागच्या चाकाशी दोन छोट्या चक्र्यांचा एक हात लोंबत असतो. चेनचा जास्तीचा भाग तो पोटात घेतो, आणि चेन मोठ्या चाकावर गेली की तेवढी सोडतो. मामांना तो लोंबता हात पहिल्यापासून खुपत होता. चेन सैल ठेवायची आणि वर ती सांभाळायला गडी ठेवायचा, ही कुठली रीत, असं ते म्हणायचे. त्यांनी नवी चेन जुन्या चेनशेजारी जमिनीवर ठेवून मापली, आणि ती तेवढ्याच मापाची असूनही हातोडी-पंच घेऊन थोडी तोडली. चेन ताठ बसली. लोंबता हात पुढे ओढला गेला. मामांनी बोटाने चेन दाबून बघितली आणि मला हाक मारून वरून खाली बोलावलं.

"बघ, आता कशी बसलीय," ते म्हणाले.

मला काय कळतंय? चकचकीत दिसत होती. मी छान म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून वर पळाले.

दुसऱ्या दिवशी चढाला मी खटका दाबला. चेन मोठ्या चाकाकडे गेली, तिथे करकरली आणि अडकल्यासारखी झाली. मी घाबरून खटका परत फिरवला. मधल्या चाकावर जोर दिला, तर पॅडल एकदम पायाखालून सुटलं, जिन्याची पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तसं. पुन्हा जोर दिला, पुन्हा सुटलं. उरलेला चढ मी सायकल ढकलत गेले. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपत आली होती.

संध्याकाळी मामांना सांगितलं. त्यांनी सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी ठेवली आणि हाताने पॅडल फिरवलं. चाक सुर्रकन फिरलं. खटका दाबला, चेन शहाण्यासारखी एका चाकावरून दुसऱ्यावर गेली. अगदी मोठ्या चाकावर जाताना थोडी कुरकुरली, पण गेली.

"चालतेय की," मामा म्हणाले.

"चढाला चालत नाही, मामा. पॅडल सुटतं."

"नवी चेन आहे. रुळायला वेळ लागतो."

हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की चढावर पॅडल सुटलं की तेच कानात वाजायचं. एक गोष्ट तेव्हा मला नीट मांडता आली नाही. ती सायकल हाताने फिरवली की गुणी होती. अंगाचं वजन तिच्यावर पडलं, चढ लागला, की तिचे दात दिसायचे. आणि मामा सायकलवर बसू शकत नव्हते. गुडघे गेलेले, एका डोळ्याने धूसर. माझ्या पायाला जे कळत होतं ते त्यांच्या हाताला कधीच कळणार नव्हतं. ते जे बघत होते ते खरं होतं, मी जे सांगत होते तेही खरं होतं, आणि त्या जिन्याखाली रोज संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांना खोटं ठरवत होतो.

हातावर हात ठेवून मात्र ते बसले नाहीत. सायकलच्या त्या लोंबत्या हाताला दोन बारीक स्क्रू असतात, चेनने कुठवर जायचं त्याची हद्द ठरवणारे. मामांना ते अर्धवट सैल दिसले. यंत्रातला स्क्रू सैल असणं त्यांना सहन होत नसे. त्यांनी दोन्ही घट्ट आवळून टाकले. दुसऱ्या दिवशी चेन लहान चाकावरही जाईना आणि मोठ्यावरही. मग त्यांनी एक सैल केला. मग खटक्याची वायर ताणली. मग भरपूर तेल सोडलं, त्यावर रस्त्याची धूळ बसली, आणि माझ्या सलवारीचा उजवा पाय कायमचा काळा झाला. रोज काहीतरी नवं करायचे आणि रोज मी नवा अनुभव घेऊन यायची. मी थकून जायची. सायकल ढकलून नव्हे, संध्याकाळी काय सांगायचं ते ठरवून. खरं सांगितलं तर जेवताना ते गप्प बसायचे. बरी चालली म्हटलं तर उद्या पुन्हा तोच चढ होताच.

यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, दुकानात टाक ना सरळ."

"आणि तुमच्या वडिलांना काय सांगू?"

"ते तूच सांग. तुझं ऐकतात."

सुनेचं सासरे ऐकतात, हे मुलगे फार सोयीस्करपणे शोधून काढतात. सायकलचं दुकान फुलपाड्याच्या वाटेवरच होतं. येता-जाता मला दिसायचं. शाळेतून परतताना पाच मिनिटं थांबून काम करून घेतलं असतं तर मामांना कळलंही नसतं, असं मी बरेचदा मनाशी म्हणायची. पण ते नक्की कळलं असतं. त्या सायकलीचा नट न नट त्यांच्या ओळखीचा होता. इस्त्रीसारखं आणखी एकदा, आणि तेही घरातून, हे माझ्याने होईना.

मग मी पडले. फार काही झालं नाही, हे आधीच सांगते. चढाच्या मध्यावर उभी राहून जोर दिला, पॅडल सुटलं, गुडघा हँडलवर आदळला आणि मी डाव्या कुशीवर रस्त्यात. मागून येणाऱ्या टेम्पोने कच्चकन ब्रेक दाबला. टेम्पोवाल्याने उतरून सायकल उचलून दिली. चाचणीचे तपासलेले पेपर रस्त्यावर पसरले होते, तेही त्यानेच गोळा केले, आणि जाताना म्हणाला, "ताई, ह्या सायकलवर नका बसू." मी त्या दिवशी शाळेत खुर्चीवर बसून शिकवलं. गुडघा संध्याकाळपर्यंत चांगलाच सुजला. मला रडू आलं, पण दुखलं म्हणून नाही. घरी जाऊन हे आता सांगावं लागणार, म्हणून.

सांगावं लागलंच नाही. जिन्याखाली मामा उभे होते. मी लंगडत सायकल आणताना त्यांनी पाहिलं. ते आधी सायकलकडे वळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि जिना चढायला लागले. वर गेल्यावर त्यांनी स्वतः हळद गरम केली. पातेलं करपवलं, पण लेप बरा झाला होता.

"रविवारी दुकानात दाखवून आणू," मी म्हणाले. "तुम्ही चला बरोबर. तुम्ही असलात की तो नीट बघेल."

मामांनी मान डोलावली.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. सायकल त्यांनीच धरली. माझा गुडघा अजून दुखत होता, त्यांचे दोन्ही दुखत होते, त्यामुळे आमची चाल अगदी जुळली. वाटेत ते मला छापखान्यातल्या एका मोठ्या यंत्राची गोष्ट सांगत होते, ते बंद पडलं की रात्रपाळी कशी थांबायची आणि त्यांना घरून कसं बोलवून न्यायचे. मी ती आधी ऐकली होती. तरी मी विचारलं, मग काय झालं?

दुकानदार पन्नाशीचा, तिथल्याच जुन्या गावातला माणूस. त्याने सायकल लोखंडी घोड्यावर टांगली, पॅडल मारलं, खटका दाबला, चेन मोठ्या चाकावर नेली आणि थांबला. मागचा हात सरळ ताणलेला होता. त्याने चेनवरून बोट फिरवलं.

"कोनी तोडली ही चेन?"

प्रश्न साधा होता, पण मी त्याच्यासाठी तयार नव्हते. मामा माझ्या शेजारी उभे होते, हात मागे बांधून.

"मीच," मी म्हणाले. "घरी करून बघत होते."

त्याने मला नीट बघून घेतलं आणि सुरू झाला. "म्याडम, साध्या सायकलची चेन ओढून बसवतात तशी हिला नाय बसवायची. हिला थोडी सैल पायजेच. नायतर तो मागचा हात कशाला दिलाय? आनि नवीन चेन टाकली तर मागचे दाते पन बघायचे ना. हे बघा, झिजून गेलेत. नवीन चेन त्याला पकडनारच नाय, जोर दिला की सुटनार. पडला असता एखाद दिवशी. येत नाय त्या कामात हात कशाला घालायचा?"

मी मान खाली घालून ऐकत होते. वर्गात पोरं उभी राहतात तशी. आता तो थांबेल, काम करेल आणि आम्ही घरी जाऊ, एवढंच मला हवं होतं.

"तिला नका बोलू," मामा म्हणाले. "ती नाही. मी तोडली."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे पांढरे केस पाहिले, जाड चष्मा पाहिला, आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. माझ्याशी तो बरोबरीने भांडत होता. मामांशी बोलताना त्याने आवाज चढवला आणि शब्द सावकाश सोडले, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तसे.

"असू दे हां काका. होतं असं. काय नाय त्यात. तुमी बसा इथं. पानी देऊ?"

तो माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने मामांनाही माझ्यासारखंच झापलं असतं, तर मामांनी त्याला उलट उत्तर दिलं असतं, दोघांची जुंपली असती, आणि मला बरं वाटलं असतं. पण मामांनी ग्लास घेतला आणि बाकड्यावर बसले.

काम व्हायला वेळ लागला. मागची दातेरी चाकं नवी बसली, चेन नवी आणि पुऱ्या मापाची बसली, वायर बदलली, ते दोन स्क्रू त्याने जरा जरा फिरवून लावले. कुठेही कुणी काही खोलून बसलं असलं की मामा मान पुढे काढून बघायचे, अगदी बसस्टॉपवर कुणी घड्याळ उघडलं तरी. त्या दिवशी ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. येणारी-जाणारी माणसं बघत होते. एकदाही वळले नाहीत.

दुकानदाराने मला फेरी मारून यायला सांगितलं. गुडघा दुखत होता तरी मी बसले आणि चढाच्या पायथ्यापर्यंत जाऊन थोडी वर गेले. खटका दाबला. चेन मोठ्या चाकावर गेली आणि पाय हलका झाला. मी जोर दिला, आणखी जोर दिला. पॅडल सुटलं नाही. कितीतरी दिवस माझं अंग आक्रसलेलं होतं ते मला तेव्हा समजलं, कारण ते सैल झालं. मला आनंद झाला. तो लपवून काय करू? परत येताना मी उतारावर हसत होते, आणि दुकान दिसायला लागल्यावर मी तोंड सरळ केलं.

"बरी झाली का?" मामांनी विचारलं.

"झाली."

घरी जातानाही सायकल त्यांनीच धरली. मी नको म्हटलं नाही. या खेपेला छापखान्याची गोष्ट निघाली नाही. सायकल शेजारून निमूट चालत होती, तिचा काही आवाज येत नव्हता. इमारतीच्या फाटकाशी आल्यावर ते थांबले, आणि माझ्याकडे न बघता, भाजीचं काहीतरी सांगावं इतक्या साध्या सुरात म्हणाले, "आता पंक्चर झालं तरी त्याच्याकडेच काढून घेत जा."

पंक्चर ते अजून डोळे मिटून काढू शकले असते. त्याला ना बारीक स्क्रू लागत, ना तीक्ष्ण नजर. तुम्हीच काढा ना, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण माझ्या तोंडून ते आता कसं निघेल, हे मला तिथेच ऐकू आलं. पाण्याचा ग्लास पुढे करताना त्या दुकानदाराचा आवाज निघाला होता, तसंच. म्हणून मी नुसतं बरं म्हटलं.